दोन महायुद्धांमधला फ्रान्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच शिकवताना एक विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी त्याच जागी अडकतो : जॅझ, बायकांचे आखूड केस, पॅरिसच्या मोंपार्नास भागातले कॅफे. विद्यार्थ्यांनी आणि फ्रान्सला जाऊन आलेल्या ओळखीच्या लोकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. ज्यात मला रस आहे तिथे मी रेंगाळलो आहे, हे आधीच कबूल करतो.

हा काळ नेमका कुठून कुठपर्यंत धरायचा?

११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या तिथपासून ३ सप्टेंबर १९३९ ला फ्रान्सने जर्मनीविरुद्ध पुन्हा युद्ध पुकारलं तिथपर्यंत. एकवीस वर्षंही पुरती भरत नाहीत. आज फ्रेंच लोक याला 'आंत्र-दे-गेर' म्हणजे दोन युद्धांच्या मधला काळ म्हणतात. पण तो काळ जगणाऱ्यांना हे नाव कसं सुचणार? दुसरं युद्ध यायचं होतं. ते म्हणत 'आप्रे-गेर', युद्धानंतरचे दिवस. आणि झालेल्या युद्धाला म्हणत 'ला देर दे देर' : शेवटच्यातलं शेवटचं. या दोन शब्दांत त्या पिढीची सगळी आशा भरलेली होती, म्हणून पुढचं वाचताना ते ध्यानात असू द्या.

१९२० च्या दशकाला 'वेडी वर्षं' म्हणतात, म्हणजे सगळा देश नाचत होता का?

नाही हो. अमेरिकन नर्तकी जोसेफिन बेकर १९२५ च्या ऑक्टोबरात शाँझेलिझेच्या नाट्यगृहात नाचली आणि पॅरिस हादरलं, हे खरं. पण १९२१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त फ्रेंच माणसं खेड्यात राहत होती. शहरी लोकसंख्येने खेड्यांना मागे टाकलं ते १९३१ मध्ये, आणि तेही काठावर. फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या शेतकऱ्याच्या पायात तेव्हा लाकडी सपाता होत्या आणि घरात ब्रेटन भाषा. चार्ल्सटन नाचाचं नावही त्याच्या कानावर गेलं असेल की नाही, शंकाच आहे.

पॅरिसमध्येही कामगार जिथे नाचायचे ती जागा निराळी होती. बास्तीयजवळच्या र्यू द लाप या अरुंद गल्लीत 'बाल म्युझेत' भरायचे. ओव्हेर्न्य प्रांतातून कोळसा आणि दारू विकायला आलेल्या लोकांनी सुरू केलेले हे नाचगाण्याचे अड्डे, आणि वाद्य म्हणजे इटालियन वस्तीतून आलेलं अकॉर्डियन. आज ज्या सुरावटीला आपण 'अस्सल पॅरिस' समजतो, ती अशी दोन स्थलांतरितांच्या संगतीतून तयार झालेली आहे.

प्रत्येक गावात नावं कोरलेला दगड दिसतो. तो काय प्रकार आहे?

'मोन्युमाँ ओ मॉर', युद्धात गेलेल्यांचं स्मारक. या एका दगडापुढे उभं राहिलं तर बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात असं माझं मत आहे.

आकडा आधी सांगतो. चार कोटींपेक्षा थोड्या कमी वस्तीच्या देशात सुमारे १४ लाख पुरुष मेले. १९१४ मध्ये अठरा ते सत्तावीस वर्षांचे जे होते, त्यांच्यातला चारातला एक तरी परत आला नाही. मागे सुमारे सहा लाख विधवा राहिल्या. ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने गावांना स्मारकासाठी सरकारी मदत मिळू लागली, पण बहुतेक ठिकाणी मुख्य पैसा गावानेच वर्गणी काढून उभा केला. १९२५ येईतो जवळपास प्रत्येक गावाचा दगड उभा होता. नॉर्मंडीतलं तिएरव्हील हे गाव प्रसिद्ध आहे ते उलट कारणाने : तिथला एकही माणूस युद्धात मेला नाही, म्हणून तिथे असा दगडच नाही. फ्रान्समध्ये ही बातमी ठरावी इतकी दुर्मीळ गोष्ट.

सगळे दगड शौर्याचे गोडवे गात नाहीत. बहुतेकांवर नुसती नावं आहेत. क्रझ जिल्ह्यातल्या जाँतियू गावच्या स्मारकापुढे शाळकरी वेषातला एक अनाथ पोरगा मूठ आवळून उभा आहे, आणि दगडावर कोरलंय : 'युद्धाला शाप असो'. सरकारी अधिकाऱ्यांनी त्याचं उद्घाटन करायला नकार दिला. गावाने दगड हलवला नाही.

दरवर्षी ११ नोव्हेंबरला गाव तिथे जमायचं. एकेक नाव वाचलं जाई आणि शाळेतली मुलं किंवा माजी सैनिक उत्तर देत, 'मॉर पूर ला फ्रान्स', फ्रान्ससाठी मेला. कामाचा दिवस बुडू नये म्हणून १९२१ मध्ये हा कार्यक्रम नंतरच्या रविवारी ढकलला गेला. माजी सैनिक चिडले आणि पुढच्याच वर्षी कायदा करून ११ नोव्हेंबरची सुट्टी द्यावी लागली. पॅरिसच्या विजयकमानीखाली जानेवारी १९२१ मध्ये अनामिक सैनिकाला पुरलं. तिथली ज्योत १९२३ पासून रोज संध्याकाळी नव्याने चेतवतात.

राष्ट्रीय लॉटरीचा आणि युद्धाचा संबंध आहे म्हणतात, तो कसा?

गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी ज्यांचे चेहरे उद्ध्वस्त झाले, अशा सैनिकांना 'ग्यल कासे', फुटक्या थोबाडांचे, म्हणत. शब्द रांगडा आहे आणि तो त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला. जबडा नसलेला, नाक नसलेला माणूस ट्रामने जायला लागला की लोक नजर वळवायचे. हातपाय गेलेल्याला पेन्शन होती, चेहरा गेल्याला तितकीशी नव्हती. १९२१ मध्ये या लोकांनी संघटना काढली. ब्रीदवाक्य : 'तरीही हसायचं'. पैसे उभे करायला त्यांनी सोडत काढली आणि तिला नाव दिलं 'ला देत', म्हणजे देणं. देश त्यांचं जे देणं लागत होता, ते.

सरकारने ही युक्ती उचलली आणि १९३३ मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू केली. ७ नोव्हेंबरला पहिली सोडत झाली आणि तारास्कोंच्या एका न्हाव्याला ५० लाख फ्रँक लागले. त्याचे फोटो देशभर छापून आले. तिकीट १०० फ्रँकचं, कामगाराला न परवडणारं. म्हणून त्याचे दहा तुकडे करून दहावा हिस्सा विकायची पद्धत पडली, आणि ते हिस्से विकणाऱ्यांत ग्यल कासेंची संघटनाही होती.

सरकार बायकांच्या मागे 'मुलं जन्माला घाला' म्हणून लागलं होतं का?

हात धुऊन. ३१ जुलै १९२० च्या कायद्याने संततिनियमनाचा प्रचार आणि साधनांची जाहिरात गुन्हा ठरली. त्याच वर्षी मेमध्ये मातांसाठी पदक निघालं : पाच मुलांना कांस्य, आठांना रौप्य, दहांना सुवर्ण. १९२० च्या दशकातच मातृदिन सरकारी सण झाला, तोही याच खटाटोपातून.

बायकांनी ऐकलं का? आकडे बघा. १९३५ पासून फ्रान्समध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होऊ लागले. ज्यांनी भाऊ आणि नवरे मातीत घातले, त्यांना पुढच्या युद्धासाठी शिपाई जन्माला घालण्याची हौस नव्हती.

मग बायकांना मतदानाचा हक्क का नव्हता?

याचं उत्तर ऐकून वर्गात नेहमी हशा पिकतो. कनिष्ठ सभागृहाने १९१९ मध्येच स्त्रियांच्या मताधिकाराला मंजुरी दिली होती. सिनेटने १९२२ मध्ये १५६ विरुद्ध १३४ मतांनी तो प्रस्ताव पाडला. विरोध करणारे बहुतेक पुरोगामी म्हणवणारे, प्रजासत्ताकवादी रॅडिकल. त्यांची भीती अशी की बाई पाद्र्याचं ऐकून मत देईल आणि पुन्हा चर्चचं राज्य येईल. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १९२१ मध्ये मालमत्तेच्या अटीवर का होईना, स्त्रियांना मत दिलं होतं. फ्रान्सच्या बायकांना त्यासाठी १९४४ पर्यंत थांबावं लागलं.

गंमत पुढेच आहे. १९३६ मध्ये पंतप्रधान लेओं ब्लुम यांनी तीन बायकांना उपमंत्री केलं, त्यांत नोबेल मिळवलेल्या इरेन जोलियो-क्युरी. मंत्रालयात बसायची मुभा, मतपेटीजवळ जायची नाही. आणि विवाहित स्त्री कायद्याच्या दृष्टीने अज्ञान समजली जाई, ते कलम १९३८ च्या फेब्रुवारीत गेलं. तरी नवऱ्याला 'कुटुंबाच्या हितासाठी' बायकोच्या नोकरीला हरकत घेता येत होतीच.

केस कापण्यावरून मात्र घराघरांत भांडणं झाली. १९२२ मध्ये आलेल्या एका कादंबरीतली नायिका पुरुषासारखे केस कापून मुक्त वागते म्हणून लेखकाचा लीजन ऑफ ऑनर हा सन्मान काढून घेण्यात आला. पुस्तक त्यामुळे आणखी खपलं, हे सांगायला नकोच.

फ्रँक कोसळला म्हणजे सामान्य माणसाचं काय झालं?

काटकसर करणाऱ्याचं वाटोळं झालं. १८०३ पासून १९१४ पर्यंत फ्रँकचं सोनं बदललं नव्हतं. चार पिढ्यांना शिकवण होती : पैसे साठव, सरकारी रोखे घे, म्हातारपणी व्याजावर बस. अशा माणसाला 'रांतिए' म्हणत आणि ते होणं हे दुकानदाराचं, शिक्षकाचं, नोटरीच्या कारकुनाचं स्वप्न असे. अनेकांनी रशियाच्या झारचे रोखे घेतले होते. बोल्शेविकांनी १९१८ मध्ये ते कर्ज फेडायला नकार दिला. लाखो घरांच्या कपाटात ते सुंदर नक्षीचे कागद पडून राहिले.

उरलेलं महागाईने खाल्लं. युद्धापूर्वी पौंडाला २५ फ्रँक पडत, जुलै १९२६ मध्ये २४० च्या वर. माजी पंतप्रधान पोआंकारे पुन्हा सत्तेवर आले, भाव सावरला आणि जून १९२८ मध्ये फ्रँक कायमचा ठरवला तो जुन्याच्या एक पंचमांशावर. लोक त्याला 'चार सूचा फ्रँक' म्हणू लागले, कारण फ्रँकचे वीस सू होत. देश वाचला म्हणून पोआंकारेंचा जयजयकार झाला. ज्याच्या बचतीचे पाचातले चार भाग गेले, त्यानेही टाळ्या वाजवल्या असतील. आणखी वाईट होईल अशी भीती होती ना.

फ्रेंच लोक आंघोळ करत नसत, हे खरं का?

प्रश्न आगाऊ आहे, पण विचारतात सगळेच. नळच नव्हता, तर रोजची आंघोळ कुठून? पॅरिसच्या कामगार वस्तीतल्या चाळवजा इमारतींत मजल्यावर एक नळ आणि जिन्यात सामाईक संडास असे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात टब मांडायचा किंवा पैसे देऊन नगरपालिकेच्या सार्वजनिक स्नानगृहात जायचं. कपडे धुवायला सामाईक धोबीघाट. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९५४ च्या मोजणीतही, दहातल्या एकाच घरात न्हाणीघर सापडलं.

घरभाडी युद्धात गोठवली गेली, ती नंतरही बरीच बांधलेली राहिली. मालक दुरुस्ती करेनात, नवीन बांधेनात. मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. शेवटी १९२८ च्या लूशेर कायद्याने सरकार स्वस्त घरांच्या बांधकामात उतरलं. पॅरिसची जुनी तटबंदी पाडून तिथे लालसर विटांच्या इमारतींचं कडं उभं राहिलं. आजही शहराच्या कडेने फिरलात तर ते दिसेल.

खायचे काय?

पाव, सूप, बटाटे आणि वाइन. लांब काडीसारखा 'बागेत' नावाचा पाव हा पॅरिसचा लाड. खेड्यात मोठा गोल पाव आठवडाभर पुरवत. मुलांना पाणी घातलेली वाइन देण्यात कुणाला वावगं वाटत नसे. दर्जाच्या वाइनला गावाचं नाव लावायचे काटेकोर नियम १९३५ मध्ये आले, तेही बनावट माल आणि अतोनात पीक यांनी बाजार बुडाला म्हणून.

शाळा कशी होती?

सक्तीची, फुकट, धर्मविरहित आणि कडक. गुरुवारी सुट्टी, म्हणजे ज्याला धर्मशिक्षण घ्यायचं त्याने चर्चमध्ये जाऊन घ्यावं. गावात मास्तर आणि पाद्री हे दोन पक्षच असत. शेवटी 'सर्तिफिका' ही परीक्षा. श्रुतलेखनात पाच चुका झाल्या की शून्य. पास झालेल्या पोराचं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लागे. ब्रिटनीत वर्गात ब्रेटन बोलणाऱ्याच्या गळ्यात लाकडी खूण अडकवत आणि ती दुसऱ्या अपराध्याला सापडवून त्याच्या गळ्यात घालेपर्यंत सुटका नसे. १९३६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं वय तेरावरून चौदावर गेलं.

१९३६ ची पगारी सुट्टी एवढी का गाजते?

कारण कामगाराने तोवर समुद्र बघितलाच नव्हता. सगळ्यांनी नाही, पण फार जणांनी.

मे १९३६ मध्ये डाव्यांची आघाडी, पॉप्युलर फ्रंट, निवडणूक जिंकली आणि नवं सरकार शपथ घ्यायच्या आतच संप पसरले. जूनमध्ये बारा हजारांवर संप, १८ लाखांवर संपकरी. कामगार घरी गेले नाहीत, कारखान्यातच बसले. बियांकूरच्या रेनो कारखान्यात, पॅरिसच्या मोठ्या दुकानांत, चॉकलेटच्या कारखान्यांत मुक्काम पडले. बायका कुंपणावरून डबे द्यायच्या आणि संध्याकाळी आवारात अकॉर्डियनवर नाच व्हायचे. मालकवर्गाची झोप उडाली ती या नाचांमुळेच असणार. मोडतोड झाली असती तर पोलीस बोलावता आले असते.

७ जूनच्या रात्री पंतप्रधानांच्या मातिन्यों वाड्यात मालक आणि कामगार संघटनांचा करार झाला : पगारात ७ ते १५ टक्के वाढ. दोन आठवड्यांत संसदेने पंधरा दिवसांची पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा मंजूर केला. गंमत म्हणजे पगारी रजा आघाडीच्या जाहीरनाम्यात नव्हतीच.

क्रीडा आणि विरंगुळा या नव्या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेकडून ४० टक्के सवलतीचं तिकीट काढून घेतलं. विरोधी वर्तमानपत्रांनी 'आळसाचा मंत्री' म्हणून त्यांची टर उडवली. पहिल्याच उन्हाळ्यात पाच-सहा लाख लोकांनी ते तिकीट घेतलं. नीस आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या उच्चभ्रूंनी नाकं मुरडली, आता कामगारी टोप्या घातलेले लोक इथेही येणार म्हणून. खरं सांगायचं तर बहुतेक जण समुद्रावर गेलेच नाहीत. कुणी गावी काकाकडे जाऊन गवत कापायला मदत केली, कुणी घरीच राहून खोलीला रंग दिला. जोडप्यांनी दोन सीटची टँडम सायकल भाड्याने किंवा उसनवार काढली.

१९४२ मध्ये, जर्मनीपुढे हरल्यावर आलेल्या व्हिशी राजवटीने ब्लुम यांच्यावर रिओम इथे खटला भरला, देश कमकुवत केल्याचा. तेव्हा ते न्यायाधीशांना म्हणाले की एकसारखे स्वेटर घालून टँडमवरून जाणारी कामगार जोडपी पाहिली की वाटायचं, अंधाऱ्या आयुष्यांत आपण थोडा उजेड आणला. माझ्या मते राजकारण्याने दिलेल्या हिशेबांपैकी हा एक प्रामाणिक हिशेब आहे, जरी वाढलेला पगार वर्षभरात महागाईने खाल्ला होता तरी.

परदेशी मजुरांशी लोक कसे वागत?

गरज असताना बरे, नसताना वाईट. मेलेल्यांच्या जागी हात हवे होते म्हणून सप्टेंबर १९१९ मध्ये पोलंडशी करार करून उत्तरेच्या कोळसा खाणींसाठी माणसं आणली गेली. १९३१ मध्ये देशात २७ लाखांहून जास्त परदेशी होते : सर्वांत जास्त इटालियन, मग पोलिश, मग स्पॅनिश. १९२७ च्या कायद्याने तीन वर्षं राहिलेल्याला नागरिकत्व मागता येऊ लागलं, युरोपातला तेव्हाचा फार उदार कायदा.

मंदी फ्रान्समध्ये उशिरा, १९३१ मध्ये पोचली. पुढच्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संख्येवर मर्यादा आली. १९३४-३५ मध्ये पोलिश खाणकामगारांना कुटुंबासकट गाड्यांत बसवून परत पाठवलं, सामान बांधायला जेमतेम वेळ देऊन. ज्या मुलांना पोलिशपेक्षा फ्रेंच बरं येत होतं, तीही त्या गाड्यांत होती.

वसाहतींबद्दल सामान्य फ्रेंच माणसाला काय वाटे?

अभिमान, आणि अज्ञान. १९३१ मध्ये व्हँसेनच्या जंगलात वसाहतींचं प्रदर्शन भरलं, सहा महिन्यांत ३ कोटी ३० लाख तिकिटं खपली. अंगकोर वाटची भव्य प्रतिकृती हा मुख्य मान. पाँडिचेरीसह फ्रेंच हिंदुस्थानलाही त्यात जागा होती. त्याच काळात न्यू कॅलिडोनियातल्या कनाक लोकांना शहरातल्या एका प्राण्यांच्या बागेत 'नरभक्षक' म्हणून मांडण्यात आलं. सर्रियलिस्ट कवींनी 'प्रदर्शनाला जाऊ नका' असं पत्रक काढलं. लोक गेले.

महाराष्ट्राशी काही धागा जुळतो का?

थोडे आहेत. मुंबईच्या मादाम कामा अनेक दशकं पॅरिसला राहिल्या, १९३५ मध्ये आजारी अवस्थेत परतल्या आणि पुढच्या ऑगस्टात मुंबईत वारल्या. जे. आर. डी. टाटांची आई फ्रेंच, जन्म पॅरिसचा. १९२० च्या दशकात त्यांना फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरीही करावी लागली. मराठी भाषेच्या घडणीवरचा ज्यूल ब्लॉक यांचा मूलगामी ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसलाच प्रसिद्ध झाला. आणि उत्तरेत नव्ह शापेल इथे हिंदी सैनिकांचं स्मारक १९२७ पासून उभं आहे, त्यावर ४,७०० हून जास्त नावं आहेत.

१९३४ मध्ये पॅरिसला दंगल झाली ती कशावरून?

स्ताव्हिस्की नावाच्या ठगाच्या घोटाळ्यात राजकारण्यांची नावं आली. ६ फेब्रुवारीला उजव्या संघटना आणि माजी सैनिक संसदेवर चालून गेले. गोळीबार झाला, डझनभराहून जास्त माणसं मेली. त्याला उत्तर म्हणून डावे एकत्र आले, आणि १९३६ ची आघाडी तिथून सुरू झाली.

हिटलर चढत होता, तरी हे लोक गाफील कसे राहिले?

गाफील नव्हते. पुन्हा त्या दगडाकडे या. तीसच्या दशकात माजी सैनिकांच्या संघटनांचे तीस लाखांच्या आसपास सभासद होते, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच : पोरांना हे नको. गावचा मास्तर स्वतः खंदकात राहिलेला, तो वर्गात शांतता शिकवायचा. १९२८ मध्ये परराष्ट्रमंत्री ब्रियां यांनी पॅरिसमध्ये युद्धच बेकायदा ठरवणारा करार केला. १९३० पासून जर्मनीच्या सरहद्दीवर माजिनो तटबंदी बांधली, ती काँक्रीटने माणसं वाचतील या हिशेबाने. सैन्यात भरती होणारे तरुणही कमी, कारण १९१५ ते १९१९ मध्ये जन्मच कमी झाले होते.

सप्टेंबर १९३८ मध्ये पंतप्रधान दालादिए चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देणारा करार करून म्युनिकहून परतले तेव्हा ल बुर्जे विमानतळावर गर्दी लोटली. त्यांना वाटलं मारायला आलेत. लोक जयजयकार करत होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या ईफॉप या संस्थेने जनमत विचारलं तेव्हा ५७ टक्के म्युनिक कराराच्या बाजूने, ३७ टक्के विरुद्ध. मला या ३७ चं जास्त आश्चर्य वाटतं. जुलै १९३९ मध्ये, जर्मनीने बाल्टिक किनाऱ्यावरचं डांझिग शहर बळकावायचा प्रयत्न केला तर बळाने रोखावं का, या प्रश्नाला ७६ टक्के हो म्हणाले. दहा महिन्यांत एवढा पालट.

मग १९३९ मध्ये लोक कुठल्या मनःस्थितीत गेले?

१९१४ सारखी फुलं, गाणी नव्हती. 'एकदाचं संपवायला हवं', एवढंच सगळीकडे ऐकू येई. २ सप्टेंबर हा भरतीचा पहिला दिवस. भिंतींवर लागलेली, एकमेकांना छेद देणाऱ्या झेंड्यांची पत्रकं १९१४ च्या पत्रकांसारखीच दिसत होती, आणि वाचणाऱ्यांत तेव्हाचे सैनिक आणि आता त्यांचे मुलगेही होते. पॅरिसची बहुतेक माणसं पूर्वेच्या सरहद्दीकडे गेली ती गार द लेस्त स्टेशनातून. याच स्टेशनाला अल्बर्ट हर्टर या अमेरिकन चित्रकाराने १९२६ मध्ये एक प्रचंड चित्र भेट दिलं होतं : ऑगस्ट १९१४, गाडीच्या दारात हसरा तरुण, बंदुकीच्या नळीत फूल खोचलेलं, फलाटावर बायका-मुलं. हर्टरचा मुलगा १९१८ मध्ये फ्रान्समध्येच मारला गेला होता.